कलम अकरा आणि रंगराव दारवटकर

पुण्यात एखाद्या गोष्टीबद्दल एकोणीस महिने एकही तक्रार आली नाही, तर ती गोष्ट उत्तम चालली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ती बंद पडली आहे, असा होतो. रंगराव दारवटकरांना हे कळायला हवं होतं. त्यांचा जन्म पुण्याच्या हद्दीतला नाही हे खरं, पण हद्द स्वतःच चालत त्यांच्या गावापर्यंत येऊनही बरीच वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणूस शिकतो.

रंगराव राष्ट्रीय संगीतगृहात प्रसारण साहाय्यक होते. म्हणजे नेमकं काय, हे तिथे मैफलीला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होतं. रंगमंचाच्या डाव्या अंगाला एक अरुंद खोली आहे, तिला काचेची खिडकी आहे, आणि खिडकीमागे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, कानांवर हेडफोन चढवलेले एक गृहस्थ बसलेले दिसत. सभासदांपैकी निम्मे त्यांना वायरमन समजत. पाचव्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक तर मध्यंतरात न चुकता त्यांच्याकडे जाऊन पंख्याच्या आवाजाची तक्रार करत. रंगराव ती लिहून घेत. पंखा त्यांच्या अखत्यारीत नव्हता, पण ते प्राध्यापकांना सांगून उपयोग नव्हता.

त्यांचं काम एका कायद्यात लिहिलेलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला होणारी मैफल थेट प्रसारण निगमाकडे पाठवायची. निगम ती रेडिओवर सोडणार. मैफल संपली की नोंदवहीत तारीख, वेळ, कलाकार आणि ‘प्रसारण झाले’ एवढं लिहून सही करायची. एकतीस वर्षं ते हेच करत होते. मुलीच्या, शेफालीच्या लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी पहिल्या शुक्रवारचा काढला, तेव्हा रंगराव शांतपणे म्हणाले, “दुसरा बघा.” गुरुजी म्हणाले, असा योग पुन्हा चार महिने नाही. रंगराव म्हणाले, “मग चार महिन्यांनी करू.” जावयाकडच्यांना वाटलं, मुलीच्या बापाला ज्योतिषातलं कळतं.

कायद्याची गोष्ट आजोबांपासून सुरू होते. आजोबांचं नाव भैरू दारवटकर. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांची साडेतीन एकर माळाची जमीन होती. सत्तरच्या दशकात सरकार राष्ट्रीय संगीतगृहासाठी जागा शोधत आलं, आणि भैरूंनी ती फुकट दिली. अधिकारी हादरले. विकत घ्यायच्या जमिनीचा फॉर्म होता, सक्तीने घ्यायच्या जमिनीचा होता, फुकट मिळणाऱ्या जमिनीचा नव्हता. त्यात म्हाताऱ्याने एक अट घातली.

“तुमच्या त्या हॉलात आमी काय येनार न्हाई. तितं कापडं लागत्यात. पन जे गानं व्हईल, ते हितं गावात ऐकू आलं पायजे.”

अधिकारी हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. कागद वर वर सरकत दिल्लीला गेला. न समजलेलं वाक्य खोडायची हिंमत वाटेत कोणालाच झाली नाही, म्हणून १९७८च्या राष्ट्रीय संगीतगृह अधिनियमात ते कलम अकरा होऊन बसलं. कलम बाराने दारवटकरांच्या वारसांपैकी एकाला प्रसारण साहाय्यकाची नोकरी दिली. आधी ती रंगरावांच्या चुलत्यांनी केली, १९९४पासून रंगरावांनी.

रागांची नावं रंगरावांना येत नसत. पण कोणता गवई कितव्या मिनिटाला खाकरणार आणि कोणता तबलजी मांडी बदलताना माइकला गुडघा लावणार, हे त्यांना आधी कळे, आणि त्याच क्षणी त्यांचं बोट खटक्यावर असे. बाकीचं शिक्षण श्रोत्यांनी केलं. निगमाकडून दर महिन्याला वीस-पंचवीस पत्रं येत. तंबोरा तिसऱ्या मिनिटाला उतरला होता. तबला पुढे, गाणं मागे, हा कोणता न्याय. निवेदिका कलाकाराच्या गुरूंचं नाव घेताना घाईत होती, तिला कुठे गाडी गाठायची होती का. रंगराव प्रत्येक पत्र वाचून पुढच्या महिन्यात तेवढं सुधारत. पुढे पत्रांचे ईमेल झाले. मग ईमेल कमी झाले. मग थांबले.

तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, “चंपा, आता काम जमायला लागलं बहुतेक.”

हॉलमध्ये तरी कोणाच्या लक्षात यावं? पण ज्यांना गाण्याचं वेड, ते शुक्रवारी हॉलमध्ये बसलेले. हॉलमध्ये बसलेला माणूस रेडिओ ऐकत नाही. खुद्द रंगरावांनी आपलं एकही प्रसारण एकतीस वर्षांत रेडिओवर ऐकलं नव्हतं. ते कसं ऐकणार? खोलीत एक दिवा होता. लाइन लागली की तो हिरवा होई. पूर्वी मैफलीआधी निगमाला फोन करून “लाइन देतोय” म्हणायचं आणि तिकडून “घेतली” असं ऐकायचं, अशी रीत होती. चार वर्षांपूर्वी ती बंद झाली. माणसाच्या जागी दिवा आला. दिवा कधी चहाला गेलेला नसे, त्यामुळे सगळे खूश होते.

गेल्या फेब्रुवारीत संगीतगृहाचे सचिव दत्तप्रसाद आगटे यांनी रंगरावांना बोलावलं. आगटे शनिवार पेठेतले. संताप आला की त्यांचा आवाज अधिक मऊ होतो.

“या रंगराव, बसा. बसायला सांगतोय म्हणजे काळजीचं नाही. दिल्लीत आपल्या कायद्याची दुरुस्ती येते आहे. कलम अकरा वगळायचं ठरतंय. दरमहा प्रसारण करायचं बंधन राहणार नाही.”

“म्हणजे माझं काम?”

“तुम्ही पुढल्या वर्षी निवृत्तच होताय की. कायदासुद्धा तुमच्या सोयीने चाललाय बघा.” आगट्यांनी एक कागद पुढे सरकवला. “फक्त एवढं प्रमाणपत्र हवंय. सन १९८२पासून, म्हणजे हॉल उघडल्यापासून, आजतागायत दरमहा प्रसारण अखंडित झाले आहे. खाली तुमची सही, शेजारी निगमाचा शिक्का.”

“आणि अखंडित नसतं झालं तर?”

“सलग बारा महिने खंड पडला, तर वारसांना जमीन परत मागता येते. म्हणजे तुम्हालाच. पण खंड पाडायचा कोणी? तुम्हीच. आणि तुम्ही तर पोरीचं लग्न पुढे ढकलणारे.” आगटे मनापासून हसले. ते त्या महिन्यातलं शेवटचं.

निगमाच्या शिक्क्याआधी निगमाचा माणूस येऊन पाहणी करणार होता. आली ती नम्रता ढोबळे. मूळची वर्ध्याकडची, तिशीच्या आतली इंजिनिअर. अरुंद खोलीत तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, “काका, ही लाइन जाते कुठे?”

“निगमात.”

“हो, पण निगमात कुठे?”

हा प्रश्न रंगरावांना कोणी कधी विचारला नव्हता. नदी समुद्राला मिळते म्हटल्यावर समुद्रात कुठे, असं कोणी विचारत नाही. नम्रताने फोन लावला. मग दुसरा. मग तिसऱ्या फोनवर ती बराच वेळ नुसती “हं, हं” करत राहिली. फोन ठेवून म्हणाली, “काका, तुम्ही बसता का जरा?”

“मी बसलेलोच आहे.”

“काका, मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर बंद झालाय. एकोणीस महिने झाले. सगळे प्रोग्रॅम एफएमवर आणि ॲपवर शिफ्ट केले. त्याची लिस्ट केली होती. तुमची लाइन लिस्टमध्ये नव्हती.”

“का?”

“लिस्ट प्रोग्रॅम सेक्शनने केली. तुमचं प्रसारण प्रोग्रॅममध्ये येत नाही ना. ते कायद्यात येतं. त्याची फाइल लीगलकडे.”

“पण दिवा हिरवा होतो.”

“तिकडचा बॉक्स अजून प्लगमध्ये आहे. त्याला करंट मिळतो, म्हणून दिवा लागतो. बॉक्सच्या पुढे काही नाही, काका.”

रंगरावांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि खिळ्याला अडकवला. मग पुन्हा काढून पुन्हा गुंडाळली.

“मग परवाची मैफल?”

“ती इथंच राहिली.”

“त्याच्या आधीची?”

नम्रताने लॅपटॉप मिटला. रंगराव मागे मागे जात होते, महिन्यामागून महिना, आणि मागच्या वर्षीच्या एप्रिलपाशी थांबले. त्या शुक्रवारी ऐंशी ओलांडलेल्या एक गायिका आल्या होत्या. आत जाण्याआधी त्या खिडकीपाशी थांबून म्हणाल्या होत्या, “माझी धाकटी बहीण मिरजेला अंथरुणाला खिळून आहे. रेडिओ उशाशी घेऊन बसलीय. नीट पाठवा हं.” रंगरावांनी नीट पाठवलं होतं. आयुष्यात इतकं नीट कधी पाठवलं नव्हतं. बाई दीड तास बहिणीसाठी गायल्या, आणि दोन महिन्यांनी त्या स्वतःच गेल्या.

“त्या बहिणीला वाटलं असेल, ही आलीच नाही,” रंगराव म्हणाले.

बिबवेवाडीच्या घरी ते नेहमीपेक्षा लवकर पोचले. चंपाबाई मेथी निवडत होत्या. रंगरावांनी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. आता बायको हातातली जुडी टाकून ‘अगं बाई’ म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती. चंपाबाईंनी आणखी दोन काड्या निवडल्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत होतं?”

“रेडिओवर नुसती खरखर येते ते. एक-दोन महिने मला वाटलं, रेडिओ बिघडला. दुकानात नेला, तर तो म्हणाला, मावशी, रेडिओ ठणठणीत आहे, स्टेशनच बंद झालंय.”

रंगराव उभे होते ते खुर्चीच्या हातावर टेकले. “अगं, पण दर शुक्रवारी घरी आल्यावर मी तुला विचारतो, कसं झालं. तू म्हणतेस, चांगलं झालं.”

“म्हणते.”

“एकोणीस महिने?”

“मग काय म्हणू? स्टेशन बंद झालं म्हणजे तुमचं कामही गेलं असणार. पगार येतोय म्हणजे कुठंतरी कोपऱ्यात बसवलं असेल. तरी तुम्ही आपले इस्त्रीचा शर्ट घालून निघता, आल्यावर विचारता, कसं झालं. मला वाटलं, माणसाला सांगायला जड जातंय. आपण कशाला उकरायचं?”

ट्रान्समीटर बंद पडल्याचा धक्का रंगरावांनी खोलीत बसून पचवला होता. हा धक्का निराळा होता. ज्या गोष्टीचा पत्ता निगमाच्या कायदा विभागाला नव्हता, सचिवांना नव्हता, खुद्द त्यांना नव्हता, ती बिबवेवाडीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला आणि त्यांच्या बायकोला दीड वर्ष ठाऊक होती. आणि बायको त्यांच्यावर दया करत होती. त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, “चहा टाक.” घरात दुसरं काही म्हणण्यासारखं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आगट्यांचा आवाज लोण्यासारखा झाला होता.

“आपण हे कोणाकोणाला सांगितलंत?”

“बायकोला. तिला माहीत होतं.”

आगट्यांनी डोळे मिटले आणि उघडले. “हे बघा. प्रमाणपत्रात काय लिहिलंय? प्रसारण झाले. तुमच्या बाजूने तुम्ही केलंत. पलीकडे कोणी घेतलं नाही, हा त्यांचा प्रश्न. वाढप्याने वाढलं, पानावर कोणी बसलंच नव्हतं, तर त्यात वाढप्याचा काय दोष?”

“दोष नाही साहेब. पण पंगत उठली असं नाही ना म्हणता येत.”

“रंगराव, सही नाही झाली तर हा हॉल जाईल. देशाचा हॉल. तुम्ही काय करताय ते कळतंय ना तुम्हाला?”

कळत होतं. तेच तर अवघड होतं. सही केली तर हॉल राहणार होता आणि एकतीस वर्षांची नोंदवही खोटी होणार होती. सही नाही केली तर नोंदवही दुरुस्त होऊन खरी राहणार होती, आणि ती ठेवायला खोली उरणार नव्हती. रंगराव कागद घेऊन आपल्या खोलीत गेले. तासाभराने त्यांनी तो सहीविना परत आणला, सोबत एक आपला: ‘अमुक तारखेपासून प्रसारण झालेले नाही. मी पाठवीत होतो. पोहोचत नव्हते. नोंदवहीतील त्यानंतरच्या एकोणीस नोंदी चुकीच्या असून त्या मी केलेल्या आहेत.’ खाली सही. आगट्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “अक्षर चांगलं आहे तुमचं.”

ही बातमी हॉलच्या कॅन्टीनपर्यंत पोचायला दुपार झाली. पृथ्वीराजपर्यंत त्याआधीच पोचली होती. पृथ्वीराज म्हणजे रंगरावांच्या चुलतभावाचा मुलगा, गावात बिल्डर. संध्याकाळी तो बिबवेवाडीला आला, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून वाकून पाया पडला. यापूर्वी तो पाया पडला होता तो स्वतःच्या लग्नात, आणि तेही फोटोग्राफरने सांगितलं म्हणून.

“आप्पा, एकच नंबर. एवढी वर्षं आत बसून बरोबर टायमाला काम केलंत. आम्हाला वाटायचं आप्पा साधा माणूस हाय.”

“मी काही केलेलं नाही.”

“तेच तर. काही न करता केलंत.” त्याने पिशवीतून अर्ज काढला. “सगळ्या वारसांच्या सह्या लागत्यात. अकरातल्या दहा घेतल्या. तुमची तेवढी राहिली.”

“दहा सह्या एका दिवसात?”

“तीन तासांत. घरातल्या गणपतीची वर्गणी जमवायला आपल्याला महिना लागतो.”

“काय करणार जमिनीचं?”

“चार टॉवर. पण पणजोबांना विसरणार न्हाई. खाली क्लब हाउसला त्यांचं नाव देऊ. मस्त स्पीकर लावू. गाणं पायजे होतं ना त्यांना? दिवसभर वाजंल.”

चंपाबाईंनी पेढ्यांचा पुडा न उघडता आत नेला. रंगराव म्हणाले, “अर्ज राहू दे. वाचतो.”

इकडे हॉलमध्येही सर्वांचं एकमत झालं होतं. कॅन्टीनमध्ये ते आले की बोलणं थांबायचं. पाचव्या रांगेतले प्राध्यापक मध्यंतरात खिडकीपाशी आले, पंख्याबद्दल काही बोलले नाहीत, नुसते पाहून गेले. रंगरावांनी जमिनीसाठी हे सगळं केलं, हे गावात कौतुकाने आणि हॉलमध्ये तिरस्काराने बोललं जात होतं. दोन्हीकडे माहिती एकच होती.

कायदा रंगरावांनी कधी वाचला नव्हता. आपण कायद्यात आहोत म्हटल्यावर तो वाचायचा असतो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आगट्यांनी वाचला होता तो कामापुरता, पृथ्वीराजच्या वकिलाने फायद्यापुरता. नम्रता लाइनची पाहणी पूर्ण करायला पुन्हा आली, तेव्हा रंगरावांनी तिला विचारलं, “तुझ्या फोनवर तो कायदा निघतो का गं? अकरावं कलम सगळं वाच. शेवटपर्यंत.”

तिने वाचलं. पहिलं पोटकलम दरमहा प्रसारणाचं. दुसरं बारा महिन्यांच्या खंडाचं, सर्व वारसांच्या एकत्रित अर्जाचं. मग ती थांबली.

“काका, तिसरं पण आहे. ‘परंतु वारसांपैकी कोणत्याही एकाने प्रसारण पूर्ववत करण्याची लेखी मागणी केल्यास, मंडळ व निगम साठ दिवसांच्या आत ते पूर्ववत करतील, आणि तसे केल्यास पडलेला खंड पडला नाही असे मानण्यात येईल.’ कोणत्याही एकाने. हे असं कोण लिहितं?”

कोणी लिहिलं ते उघड होतं. अधिकाऱ्याने तेव्हा विचारलं असणार, बाबा, तुमच्या पोरानातवांत एकमत झालं नाही तर? आणि म्हाताऱ्याने उत्तर दिलं असणार. इंग्रजीत जाऊन आणि परत येऊन त्या उत्तराचे कोपरे झिजले होते, पण आतलं माणूस ओळखू येत होतं.

“परत वाच,” रंगराव म्हणाले. तिने परत वाचलं.

त्याच दुपारी भैरू दारवटकर यांचे वारस रंगराव दारवटकर यांनी राष्ट्रीय संगीतगृह मंडळाला लेखी मागणी दिली. आवक विभागाने तिच्यावर शिक्का मारला आणि रिवाजाप्रमाणे शेरा लिहिला: ‘विषय प्रसारणाचा. प्र. सा. यांनी कार्यवाही करावी.’ चार वाजता ती मागणी शिपायाने अरुंद खोलीत आणून दिली. प्रसारण साहाय्यक रंगराव दारवटकर यांनी ती वाचून घेतली, पोच दिली आणि स्वतःला कळवलं की मागणी कायदेशीर असून साठ दिवस आजपासून मोजले जातील.

आगटे त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, “म्हणजे नोकर तुम्ही, मालकही तुम्ही, आणि वेठीला आम्ही.” पण निगमाला जाणारं तातडीचं पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं. पृथ्वीराज फोनवर जे बोलला ते चंपाबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. भावकीने बोलणं टाकलं. नम्रताने त्रेपन्न दिवस तीन विभागांच्या दारांत काढले; कायदा विभागात तर तिला लोक कॅन्टीनच्या कुपनांबद्दल विचारू लागले, इतकी ती तिथलीच वाटायला लागली. शेवटी संगीतगृहाची लाइन एफएमच्या यादीत चढली.

छप्पन्नावा दिवस पहिला शुक्रवार होता. साडेसहाला पडदा वर गेला. सतारवादक तरुण होता, माइकपासून गुडघा लांब ठेवणारा. दिवा हिरवा झाला. रंगरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी केली: मैफल चालू असताना खोलीतून मोबाइल लावला. नम्रता दाराशी उभी होती, तिने दार ओढून घेतलं.

घंटा बरीच वाजली. मग चंपाबाईंनी उचलला.

“येतंय का?” रंगराव कुजबुजले.

खिडकीतून दिसणाऱ्या वादकाने एक मींड ओढून सोडून दिली होती, हात तारेवरून उचललाही होता. आणि फोनमधून, बिबवेवाडीच्या बाजूने, तीच मींड आत्ता कुठे सुरू होत होती.

“चंपा, येतंय का?”

“येतंय,” चंपाबाई म्हणाल्या. “ठेवा आता. ऐकू द्या.”